जोडणी नाही

फाईल उघडली आणि आवाज आला नाही. सुमेधानं लॅपटॉपचा आवाज वाढवला, कानातले इअरफोन काढून पुन्हा घातले, वायर हलवून पाहिली. पडद्यावर नाव स्वच्छ दिसत होतं, ‘बारावी भूगोल, प्रकरण पहिलं’. नावाखालच्या पट्टीच्या दोन्ही टोकांना शून्य होतं. तिनं दुसरं प्रकरण उघडलं. शून्य. मग अर्थशास्त्र, मग इतिहास, मग एम.ए.च्या मुलांसाठी वाचलेला तो जाडजूड ग्रंथ, ज्याच्या तळटीपा वाचताना तिचा घसा सोलून निघाला होता. नावं सगळी होती, तिनं दिली होती तशी, एकाखाली एक. आवाज एकातही नव्हता. बाहेर नाशिक-पुणे रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत चालला होता, त्याचा आवाज मात्र खिडकीतून सरळ आत येत होता. म्हणजे कान ठीक होते. 

काल संध्याकाळी ती किती खूश होती! ‘नभपेटी’ या महिन्याअखेर बंद होणार होती. इतकी वर्षं तिची सगळी ध्वनिमुद्रणं त्या कंपनीकडे होती, म्हणजे कुठे होती हे तिला कधी नीट कळलं नव्हतं. तिच्या लॅपटॉपवर दिसायची, मोबाईलवर दिसायची, मुलांना एक दुवा पाठवला की त्यांनाही मिळायची. ‘आपल्या फायली वेळेत दुसरीकडे हलवा’ असे निरोप यायला लागल्यावर तिनं अनिमेषला फोन केला होता. तो पुण्याला, हिंजवडीत. “आई, तू कशाला हात लावू नकोस. मी येतो आणि करतो.” दर आठवड्याला तो येणार होता आणि दर आठवड्याला काहीतरी निघत होतं. शेवटी काल तिनं स्वतःच ‘साठवण’ नावाच्या दुसऱ्या सेवेत खातं काढलं. स्वतःच्या नावानं, स्वतः ठरवलेल्या पासवर्डनं. जुना फोल्डर ओढून नव्या जागी सोडला. नावं भराभर उतरली. ती उतरताना बघून तिला वाटलं होतं, अरे, एवढंच होतं का हे? आणि भाड्याचं घर सोडताना माणूस जसं झाडून-पुसून किल्ली देतो, तसा तिनं नभपेटीतला जुना फोल्डर काढून टाकला. ‘कचरापेटी रिकामी करायची का?’ असं विचारल्यावर ‘हो’ म्हणाली. स्वच्छ सोडलेलं बरं.

आता बसल्या जागी तिला उमगत गेलं. तिच्या लॅपटॉपवर जागा कमी होती म्हणून अनिमेषनंच कधीतरी नभपेटी अशी लावून दिली होती की इथे फक्त नावं दिसायची आणि आवाज वर, कंपनीकडे राहायचा. तिनं नावं हलवली होती, आवाज पुसला होता. आणि एका ठिकाणी पुसलं की सगळीकडे पुसलं जातं, हेच तर त्या सेवेचं वैशिष्ट्य, सगळीकडे सारखं. तिनं मोबाईल उघडला. रिकामा. नभपेटीच्या मदतकेंद्राला लिहिलं तर लगेच उत्तर आलं, पण ते माणसानं लिहिलेलं नव्हतं. सेवा आवरत आहोत, रिकामी केलेली कचरापेटी परत मिळणार नाही, तुमच्या विश्वासाबद्दल आभारी आहोत.

ती खुर्चीवरून उठली नाही. समोर भिंतीला गोधड्या टांगलेल्या होत्या. याच खोलीत सगळं वाचलं होतं. कॉलेजच्या ग्रंथालयात ती नोकरीला होती तेव्हा काष्टीचा अजिनाथ नावाचा एक मुलगा काउंटरशी आला होता, हातात पांढरी काठी. पुस्तक मागितलं, तिनं दिलं. तो पुस्तक हातात धरून तसाच उभा राहिला आणि म्हणाला, “मॅडम, आता हे वाचून कोन दाखवनार?” त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, खरंच विचारत होता. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं त्याला चार पानं वाचून दाखवली. मग मोबाईलवर वाचून पाठवू लागली. मग त्याचे मित्र. मग कुठकुठले, पाथर्डीचे, श्रीगोंद्याचे, कधीही न भेटलेले. नवऱ्याला, शामकांतला, तेव्हा तिनं एक तुकडा ऐकवला होता. शामकांत मराठीचा प्राध्यापक. गावात कुठलाही समारंभ असो, माईक त्याच्या हातात. त्यानं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, “वाचतेस चांगलं. पण आवाज बसका आहे गं तुझा. तासभर कोण ऐकेल?” यात दुष्टपणा नव्हता. त्याला तसं वाटलं, तो तसं बोलला. तिला मात्र ते वाक्य वर्षानुवर्षं घशात अडकल्यासारखं राहिलं, आणि त्याच घशानं ती वाचत राहिली. बाहेरचा आवाज कमी यावा म्हणून गोधड्या तिनं टांगल्या. पण दाराची बेल कशी थांबवणार? पोस्टमन, दूधवाला, वर्गणीवाले. एकदा वाचन संपवून तिनं दार उघडलं तर शामकांत बाहेर जिन्याच्या पायरीवर वर्तमानपत्र घेऊन बसलेला. “कुणी आलं तर परत पाठवत होतो,” म्हणाला. पुढे तो रोजच बसायला लागला. त्यावर दोघं कधी बोलले नाहीत. त्याला जाऊन आता तीन वर्षं झाली. माईकवरच्या त्याच्या भाषणांच्या चित्रफिती कुणाकुणाकडे असतील. तिला त्यांचं फारसं काही वाटत नसे. पण या फायलींमध्ये, तिच्या दोन वाक्यांच्या मधे जी शांतता होती, ती त्यानं जिन्यावर बसून राखलेली होती. आता तीही नव्हती.

अनिमेषला फोन करावा असं वाटलं आणि हात थांबला. तो काय म्हणेल ते तिला पाठ होतं. रागावणारही नाही, हेच वाईट. “जाऊ दे आई, तुझ्याकडून व्हायचंच.” लहानपणापासून तिच्या कुलपांच्या किल्ल्या दुसऱ्या कुणाकडे असत. माहेरी वडिलांच्या जानव्याला, इथे शामकांतच्या टेबलाच्या खणात, आणि मग अनिमेषच्या डोक्यात. नभपेटीचा पासवर्डसुद्धा त्यालाच माहीत होता, तिच्यासाठी तो आपोआप भरला जायचा. सगळे प्रेमाचे. तिनं डोळे मिटले आणि आपण कुणाकुणाला काय दिलं ते आठवायला लागली. मुलं दुवा दाबून ऐकायची, कुणाच्या मोबाईलवर एखादं प्रकरण उरलं असेल, एखादं. आणि मग तिला पाथर्डीच्या कॉलेजातली अंध विद्यार्थिनी दिपाली आठवली, आणि दिपालीच्या आधी तिच्या मांडीवरचा तो जुना, जड, बिजागरी सैल झालेला लॅपटॉप आठवला. सुमेधाचाच होता तो. दिपालीच्या वस्तीवर रेंज नाही, म्हणून देताना त्यावर उलटं लावून दिलं होतं, नुसती नावं नकोत, आवाजासकट सगळं याच्यातच उतरू दे. पाथर्डीला कॉलेजात गेली की नवं काय असेल ते घेऊन यायची आणि घरी ऐकायची. कॉलेजला परीक्षेची सुट्टी लागली होती. म्हणजे लॅपटॉप घरी असेल. कालपासून कुठे नेला नसेल तर त्याला अजून कळलंच नसेल की सगळं पुसलं गेलंय. सुमेधा ताडकन उभी राहिली. ज्या क्षणी त्याला नेट मिळेल त्या क्षणी तोही आज्ञाधारकपणे रिकामा होईल.

दिपालीचा फोन लागेना. पुन्हा लागेना. सुमेधा चपला न घालता गॅलरीत गेली, परत आत आली. चहा ठेवला आणि उकळून जाईपर्यंत बघत राहिली. शेवटी दिपालीचाच उलटा फोन आला.

“मॅडम, तुमचे मिस्ड कॉल पडलेत. मी लिंबाखाली आलीय, इथंच रेंज येती.”

“दिपाली, लॅपटॉप कुठे आहे?”

“घरात हाय की. का?”

“चालू आहे?”

“न्हाई, सकाळी ऐकून बंद केला. अर्थशास्त्राचं चौथं प्रकरण.”

“सकाळी? आवाज आला?”

“म्हंजे? येनारच की, मॅडम.”

 सुमेधानं जे घडलं ते सांगितलं, भराभर, मागचं पुढं करत.  दिपाली म्हणाली, “मंग मी असं करते, तिसगावला स्टँडवर घेऊन येते. तुम्हाला वस्तीवर यायला लई लांब पडल.”

“स्टँडवर नको! तिथे तुझा तो झेरॉक्सवाला आहे ना, त्याचं वायफाय…”

“आपोआप जोडतंय,” दिपाली हळूच म्हणाली. “व्हय. लक्षातच न्हाई आलं.”

“घरातून हलवू नकोस. उघडू नकोस. मी निघालेय.”

संगमनेरहून नगरच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. लोणीपासून पुढं उसाच्या गाड्याच गाड्या, एस.टी. त्यांच्या मागे रांगायची, संधी मिळाली की पुढं काढायची आणि पुन्हा दुसऱ्या गाडीमागे अडकायची. सुमेधाच्या पिशवीत कोरी हार्ड डिस्क होती, घरून निघाल्यावर बाजारपेठेतून घेतलेली, अजून खोक्यातच. ती दर थोड्या वेळानं पिशवीत हात घालून खोकं चाचपत होती. राहुरीच्या आसपास अनिमेषचा फोन आला, आणि तिनं ठरवलं नसताना सगळं सांगून टाकलं.

“आई! अगं, मला विचारायचंस ना. बरं, तू घाबरू नकोस. परत फिर. त्या मुलीला सांग लॅपटॉप नेटला जोडायला, मी इथूनच आत शिरतो आणि काढून घेतो.”

“नेटला जोडला की तो रिकामा होईल, अनिमेष.”

पलीकडे ऑफिसात कुणीतरी हसत होतं.

“हो,” तो म्हणाला. “हो गं. बरोबर आहे तुझं.” मग थोड्या वेळानं, “मग मी शनिवारी येतो, तोवर…”

“मी जातेय ना,” सुमेधा म्हणाली. आवाज चढवून नव्हे. पण बोलल्यावर तिला तो स्वतःचाच आवाज जरा वेळ ऐकू येत राहिला. शेजारच्या बाईनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा. फोन पिशवीत ठेवताना कुठेतरी, पार आतून, तिला मजा वाटत होती. चोरून सिनेमाला निघालेल्या मुलीसारखी. या वयात! मग लगेच भीती परत आली. दिपाली ज्याच्याकडे राहते त्या चुलत्यानं मोबाईल बदलला असेल, हॉटस्पॉट चालू ठेवला असेल. वस्तीवर टॉवर उभा राहिला असेल. काय सांगावं, लोकांच्या गैरसोयी अशा नेमक्या दिवशी दूर होतात.

नगरला गाडी बदलली. करंजीचा घाट उतरल्यावर हिरवं कमी होत गेलं, ज्वारीची शेतं विरळ, मधे नुसते दगडाचे माळ आणि दूर गर्भगिरीच्या उघड्या टेकड्या. तिसगावच्या फाट्यावर दिपालीची चुलती भीमाबाई रिक्षा थांबवून उभी होती. “आवाजानं वळखलं बगा,” ती म्हणाली, सुमेधानं नुसतं ‘भीमाबाई का?’ विचारलं होतं. दिपालीचे आईबाप कारखान्यावर, ऊसतोडीला, पोरगी चुलतीकडं. रिक्षात भीमाबाई सांगत होती, “आधी आमची शेजारीन इचारायची, तुमच्याकडं कोन बाई आलीय, सारखी बोलतीया. मी म्हनलं, आली न्हाई बाई, ती हिथंच असती. आमची पोरगी एकटी न्हाई.” सुमेधा हसली. “म्या बी ऐकते कामं करता करता. ते भूगोलाचं लई झ्याक सांगितलंय तुमी. ढग त्या अंगालाच पानी सोडून येत्यात, डोंगर आडवा येतो, म्हून आमच्याकडं कोरडं. मी म्हनायची आमचं नशीबच तसलं. तर न्हाई, डोंगर हाय मधी.”

पत्र्याच्या खोलीत दिपाली खाली सतरंजीवर बसली होती आणि लॅपटॉप तिच्यासमोर पाटावर होता, मिटलेला, वर टॉवेल घातलेला. त्याला हात लावायला ती सुमेधाची वाट बघत होती. “मी मोबाईल तिकडं गोठ्यात ठेवून आलीय,” ती म्हणाली, “उगं इथं काही जोडलं जायला नको.” सुमेधाला तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला आणि तिनं फिरवला. मग दोघींनी मिळून तो उघडला. पंखा घरघरला. पडदा उजळला. पडदा वाचून दाखवणारा यांत्रिक आवाज काहीतरी पुटपुटला आणि कोपऱ्यातलं नभपेटीचं निळं चिन्ह गोल फिरायला लागलं.  फिरत होतं, शोधत होतं. दिपालीची बोटं बटणांवर तयार होती. चिन्ह थांबलं आणि यंत्र म्हणालं, ‘जोडणी नाही.’

“जोडनी न्हाई,” दिपाली म्हणाली आणि हसायला लागली.

इतके सुंदर शब्द सुमेधानं आयुष्यात ऐकले नव्हते. दिपालीनं एका दमात वायफाय बंद केलं, मग खात्यातून बाहेर पडली. यंत्रानं विचारलं, ‘या संगणकावरच्या फायली ठेवायच्या का?’ सुमेधानं या वेळी प्रश्न दोनदा वाचला. दिपालीनंही तो दोनदा ऐकला. मग सुमेधा म्हणाली, “ठेवायच्या,” आणि बटण स्वतः दाबलं. आता तो लॅपटॉप कुणाचंही ऐकणार नव्हता. हार्ड डिस्क खोक्यातून निघाली, वायर जोडली गेली, आणि फायली एकेक करून पलीकडे जाऊ लागल्या. नुसती नावं नव्हे. प्रत्येकीला वजन होतं आणि पट्टी सावकाश सरकत होती. ती पट्टी सावकाश सरकतेय याचं सुमेधाला समाधान वाटत होतं. काल सगळं किती झटकन झालं होतं, तेव्हाच शंका यायला हवी होती. तिनं काहीही गृहीत धरायचं नाही असं ठरवलं. विषयामागून विषय पोचला की डिस्कवरची फाईल उघडायची, मधूनच ऐकायची, शेवटचं वाक्य ऐकायचं.

भीमाबाईनं पिठलं-भाकरी आणली. जेवता जेवता सुमेधानं सहज विचारलं, “अभ्यास कितपत झाला?” आणि दिपालीनं हात धुऊन चौथं प्रकरण म्हणायला सुरुवात केली. पहिल्या दोन वाक्यांतच सुमेधाच्या हातातला घास तसाच राहिला. बोलताना ‘हाय’ आणि ‘न्हाई’ म्हणणारी ही मुलगी आता ‘आहे’ म्हणत होती, ‘परिणामी’ म्हणत होती, स्वल्पविरामाला किंचित आणि पूर्णविरामाला पुरती थांबत होती. ‘मागणीची लवचिकता’ म्हणताना ‘लव’वर जोर देत होती, जसा सुमेधा देते. एका ठिकाणी वाक्य अर्ध्यावर थांबलं, दिपालीनं आवंढा गिळला आणि पुढं गेली. पुस्तकात तिथे विराम नव्हता. त्या दिवशी सुमेधाला सर्दी होती. तासभर कोण ऐकेल, असं म्हणाला होता शामकांत. इथे एका पत्र्याच्या खोलीत कुणीतरी तिचा बसका आवाज, तिच्या सर्दीसकट, सगळा पाठ केला होता. दिपाली त्याच्या जोरावर दोन सत्रं उत्तीर्ण झाली होती आणि विद्यापीठात शंभर मुलांच्या पुढे होती. सुमेधाच्या डोळ्यांतून पाणी आलं. पण ते दुःखाचं नव्हतं, रागाचं तर मुळीच नव्हतं. शामकांत इथे असता तर तिनं त्याला नुसतं समोर बसवलं असतं. आणि तो ऐकणारा माणूस होता; चूक कळली तर कबूल करणारा.

“मॅडम, एक इचारू?” दिपाली म्हणाली. “तुमी वाचताना भायेर कोनी बसलेलं असतं का?”

“का गं?”

“काही काही प्रकरनात, तुमी पान उलटता ना, तवा लांबून आनखी एक कागद वाजतो. मोठा. पेपरसारखा.”

सुमेधानं इअरफोन मागितले. दिपालीनं नेमकी जागा लावून दिली. तिचा स्वतःचा आवाज आला, पाच-सहा वर्षांपूर्वीचा, मग पानाची सळसळ, मग शांतता, आणि त्या शांततेच्या तळाशी, दाराच्या पलीकडे, जिन्यावर, वर्तमानपत्राची घडी बदलल्याचा बारीक आवाज. ती जागा तिनं तीनदा ऐकली. मग इअरफोन काढून ठेवले आणि पुढची फाईल तपासायला घेतली, कारण पट्टी भरत आली होती आणि काम व्हायचं होतं.

संगमनेरला परतल्यावर पुढचे काही दिवस तिनं दुसरं काही केलं नाही. डिस्क जोडायची, विषय उचलायचा, साठवणीत चढवायचा, चढून पूर्ण होईपर्यंत वाट पाहायची, मग शेजारच्या सत्यशीलाबाईंच्या मोबाईलवरून उघडून पाहायची, स्वतःच्या नव्हे. म्हणजे वर खरंच पोचलंय याची खात्री. सत्यशीलाबाईंना अर्थशास्त्रात रस नव्हता, पण त्या बसून ऐकायच्या. एक प्रत डिस्कवर कपाटात, दुसरी दिपालीकडे, तिसरी वर. अनिमेषनं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आई, एकदम बरोबर केलंस. आमच्याकडेही असंच करतात.” मग सवयीनं म्हणाला, “पासवर्ड पाठवून ठेव, असू दे माझ्याकडे.”

“माझ्याकडे आहे,” सुमेधा म्हणाली.

तो हसला. “बरं बाई.”

शेवटचं प्रकरण चढलं तेव्हा दुपार होती. तिनं नवा दुवा सगळ्या मुलांना एकदमच पाठवला, वर एकच ओळ, ‘जुनी जागा बंद झाली, आता इथून ऐका.’ पाठवला आणि भीती पुन्हा डोकं वर काढू लागली. नावंच पोचली असतील. शून्य असेल. ती खोलीत फेऱ्या मारू लागली. मग फोन वाजला. काष्टीहून अजिनाथचा निरोप होता. तो आता तिथल्या शाळेत शिक्षक आहे आणि आपल्या मुलांना हेच ऐकवतो. तो बोलून पाठवतो, लिहीत नाही. त्याचा मोठा, मोकळा आवाज खोलीभर झाला, “मॅडम, आवाज आला!” त्यामागोमाग पाथर्डीहून एका मुलीचा, “आला, मॅडम.” मग तिला नाव माहीत नसलेला कुणी, मग आणखी कुणी, मागे गुरं, मागे शाळेची घंटा, मागे कुणाची तरी आई विचारतेय काय झालं, आणि सगळे तेच दोन शब्द सांगताहेत. दिपालीचा निरोप लिंबाखालून आला, वारा होता, त्यात ती ओरडून बोलत होती. सुमेधाला हसू फुटलं. आधी छातीतून, मग तोंडातून, मग तिला ते आवरेना. गोधड्या टांगलेल्या खोलीत ती इतकी मोठ्यानं हसत होती की सत्यशीलाबाई कणकेच्या हातांनी दार ढकलून आत आल्या.

“काय झालं, सुमेधाताई?”

“काही नाही. आवाज आला.”

“कुणाचा?”

“माझा,” सुमेधा म्हणाली.